भिजत घोंगडे : टाळाटाळीची कारणे आणि उपाय

मराठीत रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. कोरडे घोंगडे एका हाताने उचलता येते. पाण्यात पडून राहिले की त्याचे ओझे वाढत जाते आणि ते उचलण्याची इच्छा तितकीच कमी होत जाते. टाळलेल्या कामाचेही असेच होते. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत लिहून झाला असता असा अर्ज महिन्याभराने डोंगराएवढा वाटू लागतो. अर्ज तोच असतो. पण मधल्या दिवसांचा संकोच, ‘इतके दिवस काय केले?’ या प्रश्नाचे भय आणि स्वतःवरचा राग यांची त्यात भर पडलेली असते.

या सवयीस आळस म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. परंतु आळस आणि टाळाटाळ या दोन वेगळ्या गोष्टी होत. आळशी मनुष्य काम करीत नाही आणि त्याची त्याला खंतही नसते. टाळाटाळ करणारा पुष्कळदा दिवसभर कामातच असतो. एक महत्त्वाचे काम चुकविण्यासाठी तो दुसरी दहा किरकोळ कामे मनापासून उरकतो आणि रात्री अंथरुणावर पडला असता त्याला तेच एक काम आठवते. केवळ दूषणे देऊन किंवा उपदेश करून ही सवय सुटत नाही याचे कारण हेच आहे. कोणती कामे टळतात आणि कोणती टळत नाहीत, हे आधी पाहिले पाहिजे.

नामपल्लीत काय दिसते?

असे निरीक्षण करण्यास हैदराबाद शहरातील नामपल्ली हा भाग सोयीचा आहे. मराठी माणसाला तो परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचा कारभार हैदराबादहूनच चालत असे. १९५२ च्या निवडणुकीनंतर मराठवाड्याचे प्रतिनिधी ज्या विधानसभेत बसत, तिची इमारत नामपल्लीच्या सार्वजनिक उद्यानातच आहे.

येथील रेल्वे स्थानक १९०७ मधील. मुंबई, पुणे, सोलापूर या मार्गाने येणारे प्रवासी कित्येक पिढ्या या स्थानकावर उतरत आले आहेत. घरी पत्राचे उत्तर द्यायला दोन महिने लावणारा गृहस्थही गाडीच्या वेळेपूर्वी अर्धा तास फलाटावर हजर असतो. गाडी आपल्यासाठी थांबणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

स्थानकापासून जवळच प्रदर्शनाचे विस्तीर्ण मैदान आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये सार्वजनिक उद्यानात देशी मालाचे एक छोटे प्रदर्शन भरविले. ‘नुमाइश’ या नावाने ओळखले जाणारे हे वार्षिक प्रदर्शन १९४६ पासून या मैदानावर भरू लागले. सर्वसाधारणपणे १ जानेवारीला ते सुरू होते आणि सुमारे दीड महिना चालते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून व्यापारी येतात, शेकडो दुकाने उभी राहतात. आरंभाचा दिवस आधीच ठरलेला असल्यामुळे माल कधी भरावा, माणसे कधी निघावीत, दुकान कधी मांडावे ही सारी कामे त्या एका तारखेकडून मागे मोजत ठरतात. ग्राहकांची गोष्ट निराळी. दीड महिना हाताशी आहे म्हणून अनेक जण ‘पुढच्या रविवारी जाऊ’ असे म्हणत राहतात आणि शेवटच्या दिवसांत गर्दी उसळते. प्रदर्शन एकच, परंतु ज्याला तारीख आहे तो सिद्ध असतो आणि ज्याला सवड आहे तो रेंगाळतो.

तिसरे उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे. दरवर्षी जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास, मृग नक्षत्र लागते तेव्हा, याच मैदानावर दम्याचे हजारो रुग्ण जमतात. एका स्थानिक कुटुंबाकडून परंपरेने दिली जाणारी औषधी गोळी जिवंत मरळ माशाच्या पिलासह गिळण्यासाठी हे लोक दूरदूरच्या राज्यांतून येतात. त्यांत महाराष्ट्रातील रुग्णही असतात. या उपचाराने दमा बरा होतो, यास वैद्यकशास्त्राचा पुरावा नाही. दमेकऱ्यास खरा आधार असतो तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, श्वासावाटे नियमित घ्यावयाच्या औषधाचा. हे औषध त्रास नसतानाही रोज घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते सोडणे धोक्याचे असते. तथापि वर्षातून एकदा शेकडो मैलांचा प्रवास करून रांगेत तासन्‌तास उभा राहणारा रुग्ण घराजवळच्या दवाखान्यात जाण्याचे मात्र महिनोन्‌महिने पुढे ढकलतो, असेही घडते.

याला आळस म्हणता येणार नाही; आळशी माणूस शेकडो मैल जात नाही. मृगाच्या उपचाराला दिवस आहे, जागा आहे, बरोबर निघणारी माणसे आहेत. तो चुकला तर वर्षभर थांबावे लागते. दवाखान्यात जाणे कोणत्याही दिवशी शक्य असते, म्हणून ते कोणत्याच दिवशी होत नाही. टाळाटाळीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. ज्या कामाला ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि वाट पाहणारा माणूस असतो, ते काम सहसा टळत नाही. ज्याला यांतले काहीच नसते ते, कितीही महत्त्वाचे असले तरी, मागे पडते.

मन काम का टाळते?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. काम नकोसे असणे, त्याचे फळ दूर असणे, ते आपल्याला जमेल असा विश्वास नसणे आणि क्षणिक मोहाला बळी पडण्याचा स्वभाव, या गोष्टी टाळाटाळीशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले. काम अगदी नेटके करण्याचा हट्ट असल्यामुळे विलंब होतो, असे अनेक जण स्वतःविषयी सांगतात. परंतु या हट्टाचा आणि टाळाटाळीचा संबंध त्या आढाव्यात फारसा आढळला नाही.

या निष्कर्षांचा पडताळा रोजच्या जीवनात येतो. सावकाराकडे जाऊन हिशेब मागणे, भावाशी वाटणीची गोष्ट काढणे, वरिष्ठांना चूक कळविणे ही कामे फार अवघड नसतात. ती मनाला बोचणारी असतात. काम पुढे ढकलले की ती बोच तत्काळ थांबते. हा सुटकेचा आनंद लहान असला तरी लगेच मिळतो आणि नुकसान मोठे असले तरी उशिरा होते. म्हणून मन पुन्हा पुन्हा सुटकेकडे वळते. ‘उद्या’ हा शब्द अशा वेळी मनाचा दाह शमविणाऱ्या लेपासारखा वापरला जातो. लेपाने दाह शमतो, पण रोग आत वाढत राहतो.

कामाचे स्वरूप धूसर असणे हेही एक कारण आहे. ‘जमिनीचे कागद नीट करायचे आहेत’ या वाक्यातून नेमके काय करावयाचे ते कळत नाही. ‘सोमवारी तलाठ्याकडे वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन वारस नोंदीचा अर्ज द्यायचा आहे’ या वाक्यात काम दिसते. पहिले वाक्य मनात वर्षभर राहू शकते. दुसरे सोमवारपर्यंतच राहते.

वेळ नाही, हे सर्वांत सोपे कारण होय. परंतु ते बहुधा खरे नसते. निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते. प्रशासनाचा भार सांभाळून ते आदिलाबादच्या भागात गोंडी व कोलामी भाषा शिकले, आणि पुढे फारसी साधनांच्या आधारे त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर विपुल लेखन केले. दिवसाचे तास त्यांनाही इतरांइतकेच होते.

विलंबाची किंमत

काही कामे लांबल्यास केवळ गैरसोय होते; काही लांबल्यास हक्क जातो, पैसा जातो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून कोणत्या कामाला किती मुदत आहे हे प्रत्येक घरात ठाऊक असावे.

मुलाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत कळवावयाची असते. वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीमुळे, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरतो. ज्या पालकाला तीन आठवड्यांत एक खेप जड वाटली, त्याला पुढे अनेक खेपा घालाव्या लागतात.

हातउसने दिलेल्या रकमेचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तशी मर्यादा घातली आहे. भीड वाटते म्हणून विषय टाळीत गेल्यास कर्ज खरे असूनही न्यायालयातून ते मिळविण्याचा मार्ग बंद होतो. गारपीट, पुराचे पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीने विमा उतरविलेल्या पिकाचे नुकसान झाल्यास प्रधानमंत्री पीक विमा योजनेनुसार ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. शेजाऱ्याने काय केले ते पाहून मग ठरवू, असे म्हणण्यात हे तीन दिवस सहज निघून जातात.

सर्वांत दारुण उदाहरण कुत्र्याच्या चाव्याचे. जखम लहान आहे, कुत्रे ओळखीचे आहे, उद्या बाजाराला जाताना दवाखान्यात डोकावू, असे म्हणून लस लांबणीवर टाकली जाते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठणे आणि लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांना पूर्ण करणे आवश्यक असते. येथे ‘उद्या’ला जागाच नाही.

मोठे काम कसे उचलावे?

लहान काम बोचरे असते म्हणून टळते. मोठे काम अवाढव्य दिसते म्हणून टळते. अवाढव्य काम कसे पेलावे याचा उत्तम पाठ डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी घालून दिला आहे. १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले होते. मराठीत या प्रकारची पूर्वपरंपरा नसताना, अपुऱ्या भांडवलावर हे काम कसे तडीस गेले? केतकरांनी त्यासाठी मंडळी स्थापन केली, साहाय्यक जमविले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले आणि ज्ञानाचा तो अफाट पसारा खंडांत विभागला. एक खंड बाहेर पडला की पुढच्या खंडाची वाट पाहणारे वर्गणीदार असत. काम तुकड्यांत होते आणि प्रत्येक तुकड्याची कोणी तरी वाट पाहत होते. प्रतिभा सर्वांना लाभत नाही. ही रीत मात्र कोणालाही उचलता येते.

करण्याजोगे उपाय

पहिला उपाय म्हणजे कामाला दिवस, वेळ आणि जागा नेमून देणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ‘मी हे करीन’ अशा नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असा संकल्प अधिक वेळा पार पडतो. कामाला आधीच्या एखाद्या नित्य गोष्टीची जोड द्यावी. दमेकऱ्याने औषध दात घासण्याच्या जागी ठेवावे व दात घासण्यापूर्वी ते घ्यावे. शेतकऱ्याने बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचा दिवस रोहिणी नक्षत्राच्या आधी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. वाफसा आला की पेरणी थांबत नाही, कारण जमीन मुदतवाढ देत नाही. जी शिस्त तो शेतात पाळतो, तीच कागदपत्रांच्या कामाला लावावयाची आहे.

दुसरा उपाय म्हणजे पहिले पाऊल इतके लहान करणे की ते नाकारण्यास निमित्त उरू नये. संपूर्ण अर्ज लिहावयाचा नसून आज फक्त कोरा नमुना आणावयाचा आहे. वहीतपासणी संपवावयाची नसून आज पाच वह्या तपासावयाच्या आहेत. काम सुरू झाले की त्याचे भय पुष्कळ अंशी ओसरते. भय बहुधा उंबरठ्यावर असते, घरात नसते.

तिसरा उपाय म्हणजे वाट पाहणारा माणूस निर्माण करणे. ज्याला काम पूर्ण झाल्याचे सांगावे लागेल असा एक जण असावा. गावातील दोघे-तिघे मिळून एकाच दिवशी तालुक्याला गेले की एकट्याने महिनोन्‌महिने टाळलेले काम एका खेपेत होते. पत्नीने पतीला, मुलाने वडिलांना, सहकाऱ्याने सहकाऱ्याला शनिवारी संध्याकाळी एवढेच विचारावे : ‘ते काम झाले का?’ विचारण्यात टोचणी नसावी; नेमकेपणा असावा.

चौथा उपाय मुदतवाढीसंबंधी आहे. मुदत पुन्हा पुन्हा वाढली की लोक मूळ तारखेवरचा विश्वास सोडतात. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये म्हटल्याप्रमाणे, हाती जितका वेळ असेल तितके काम पसरते. म्हणून मुदत द्यावयाची ती विचारपूर्वक द्यावी आणि दिल्यावर ती पाळावी. मोठ्या कामाला शेवटी एकच तारीख न ठेवता मधल्या टप्प्यांच्या तारखा ठेवाव्यात.

पाचवा उपाय वरवर पाहता विपरीत वाटेल. झालेल्या विलंबाबद्दल स्वतःला फार बोल लावू नये. कॅनडातील एका विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. याचे कारण उघड आहे. अपराधाची भावना कामालाच चिकटते, काम आणखी बोचरे होते आणि मन त्यापासून अधिकच दूर पळते. झाले ते झाले असे मानून पहिले लहान पाऊल टाकणे हेच हिताचे.

कचेरी आणि शाळा

शासकीय कामातील विलंबाचा भार विलंब करणाऱ्यावर पडत नाही. तो खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसावर पडतो. म्हणूनच महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम, २००५ करण्यात आला. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ३० दिवसांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना ठरावीक मुदती आहेत. या कायद्यांनी केले ते एवढेच की, ज्या कामाला दिवस नव्हता त्याला दिवस दिला आणि वाट पाहणाऱ्या माणसाला विचारण्याचा अधिकार दिला.

तथापि कायदा कचेरीच्या दारापर्यंत आणतो. टेबलावरील कामाचा क्रम कर्मचाऱ्यालाच लावावा लागतो. सोप्या नस्त्या वर घेऊन अवघड नस्ती तळाशी ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. सकाळचा पहिला अर्धा तास तळाच्या नस्तीसाठी राखून ठेवला तर दिवसाचे उरलेले काम हलके होते. निर्णय देणे शक्य नसेल, तर कोणता कागद कमी आहे हे अर्जदाराला त्याच दिवशी कळविणे हेही काम पुढे नेणेच होय.

शिक्षकांचे स्थान याहून महत्त्वाचे आहे, कारण टाळाटाळीची सवय शाळेच्या वयातच घट्ट होते. एक महिन्याने प्रकल्प आणून द्या, असे सांगितले की बहुतेक विद्यार्थी तो शेवटच्या रात्री करतात आणि कित्येक घरी तो पालकच करतात. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात विषय, दुसऱ्यात माहिती, तिसऱ्यात कच्चा मसुदा आणि चौथ्यात पूर्ण वही असे टप्पे ठेवून प्रत्येक टप्पा पाहिला, तर विद्यार्थी प्रकल्पाबरोबर काम करण्याची रीतही शिकतो. ज्या मुलाला गणित येत नाही म्हणून तो गृहपाठ टाळतो, त्याला शिक्षेची नव्हे, तर पहिले उदाहरण शेजारी बसून सोडवून देणाऱ्याची गरज असते.

पुढे ढकलणे केव्हा योग्य?

प्रत्येक विलंब हा दोष नव्हे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र ठेवून सकाळी वाचणे, जमीन विकण्यापूर्वी घरच्यांचे मत घेणे, पावसाचा अंदाज पाहून पेरणी चार दिवस थांबविणे यांत शहाणपण आहे. योग्य थांबण्याला कारण असते आणि तारीखही असते. ‘वाफसा नाही म्हणून थांबलो आहे, आला की पेरीन’ असे सांगता आले तर ते थांबणे होय. कारण सांगता येत नसेल आणि दिवसही सांगता येत नसेल, तर ती टाळाटाळ समजावी.

प्रत्येक घरात, कचेरीत आणि शाळेत असे एखादे घोंगडे भिजत पडलेले असतेच. सर्व घोंगडी एकाच दिवशी वाळविण्याचा संकल्प केल्यास तो संकल्पही त्यांतच भिजत पडेल. त्यांपैकी ज्याची मुदत सर्वांत जवळ आहे असे एक काम निवडावे, त्याचे पहिले लहान पाऊल कागदावर लिहावे, त्यापुढे वार व वेळ घालावी आणि ती एका माणसाला सांगावी. एवढे करण्यास पाच मिनिटे पुरतात.